हॅकफॉल: जंगलासारखी दिसणारी बाग आणि तिचे पाहुणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लीड्सला माझ्याकडे भारतातून कुणी आलं की एक दिवस हॅकफॉलसाठी राखून ठेवलेला असतो. आई-बाबा, सासूबाई, दोन मावश्या, पुण्याची मैत्रीण आणि तिची मुलं, असे बरेच जण आजवर माझ्याबरोबर ती घळ उतरून-चढून आले. प्रत्येकाचे प्रश्न जवळपास तेच असतात. निघण्याआधी फोनवर विचारतात, घरी परतल्यावर जेवताना पुन्हा विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. ज्यांना कधी इकडे यायचं नाही, त्यांनाही या जागेची गोष्ट आवडेल असं मला मनापासून वाटतं.

हॅकफॉल म्हणजे नेमकं काय, आणि ते आहे कुठे?

इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थ यॉर्कशरमध्ये, ग्रूएलथॉर्प नावाच्या लहानशा गावाजवळ यूर नदीने एक खोल, वळणावळणाची घळ कोरली आहे. त्या घळीच्या उतारावरचं सुमारे ११७ एकरांचं रान म्हणजे हॅकफॉल. रिपन शहरापासून साधारण सात मैल, मॅसमपासून तीन. पाटीवर ते नाव 'मॅशम' असं वाचाल, पण तिथल्या माणसाला विचारायचं असेल तर 'मॅसम'च म्हणा.

हे रान १७५० च्या आसपासपासून पुढची पंधरा-सतरा वर्षं विल्यम एझलबी नावाच्या जमीनदाराने बाग म्हणून घडवलं. सरकारी यादीत त्याला ऐतिहासिक बागांमधला सर्वांत वरचा दर्जा आहे, आणि नैसर्गिक अधिवास म्हणून वेगळं संरक्षणही आहे.

बाग म्हणतेस, पण बाग आहे कुठे?

हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येतोच. वाफे नाहीत, कापलेली हिरवळ नाही, गुलाब नाहीत. पायाखाली ओली माती, डोक्यावर बीच आणि ॲशची झाडं. मे महिना असेल तर रानलसणाचा वास इतका दाटलेला असतो की जवळच कुणीतरी फोडणी घातली आहे असं वाटावं.

मग जरा लक्ष देऊन चाला. वाट उगाच वळत नाही, हे हळूहळू ध्यानात येतं. आधी नुसता पाण्याचा आवाज येतो, दिसत काहीच नाही. एका वळणावर झाडी एकदम बाजूला होते आणि समोर धबधबा. त्याच्या अगदी समोर बसायची जागा, तीही दगडी गुहेसारख्या लहानशा खोलीत. मागे भिंत, दोन्ही बाजूंना भिंत, डोक्यावर छत होतं. नजरेला समोरच्या पाण्याशिवाय दुसरीकडे जायला जागाच ठेवलेली नाही. तिथून उठून पुढे निघालात की वाट पुन्हा झाडीत शिरते, धबधबा दिसेनासा होतो, आवाजही विरतो आणि थोड्या वेळाने खाली नदीचं पाणी चमकतं. एक दृश्य संपल्याशिवाय दुसरं दाखवायचं नाही, असा या बागेचा हिशेब आहे. ओढ्याला जागोजागी अडवून पाण्याला उड्या मारायला लावलं आहे. तळं माणसाने केलेलं आहे. कुठून काय दिसावं, हे ठरवून त्याप्रमाणे झाडं ठेवली किंवा काढली गेली होती.

माझी आई पहिल्यांदा त्या गुहेतल्या बैठकीवर बसली, बराच वेळ धबधब्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "इथे आपल्याला कुणीतरी बसवलंय गं." बाग कुठे आहे, या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

हा एझलबी कोण होता?

गोष्ट त्याच्या वडिलांपासून सुरू होते. जॉन एझलबी हे ब्रिटनचे अर्थमंत्री. १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या शेअर्सचे भाव आभाळाला भिडले आणि काही महिन्यांत कोसळले. असंख्य कुटुंबं देशोधडीला लागली. या घोटाळ्यात हात काळे झाले म्हणून जॉन यांना १७२१ मध्ये संसदेतून काढून टाकलं आणि टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत ठेवलं. सुटल्यावर राजकारणाची दारं बंद झालेली होती. ते यॉर्कशरला, रिपनजवळच्या आपल्या स्टडली रॉयल या इस्टेटीत परतले आणि उरलेलं आयुष्य तिथली जलोद्यानं करण्यात घालवलं. चंद्रकोरीच्या आकाराची तळी, सरळ रेषेतला कालवा, पांढरे पुतळे, सगळं मोजूनमापून. हॅकफॉलची जमीन त्यांनीच १७३१ मध्ये ९०६ पौंडांना घेतली होती.

१७४२ मध्ये जॉन वारले. मुलगा विल्यम तेव्हा चाळिशी ओलांडलेला. तो १७२१ पासून रिपनचा खासदार होता आणि १७८१ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे तब्बल साठ वर्षं, खासदारच राहिला. त्याच्या भाषणांची आज कुणाला आठवण नाही. बागांची आहे. वडिलांच्या स्टडलीला त्याने १७६७ मध्ये शेजारचा फाउंटन्स ॲबी हा मध्ययुगीन मठाचा प्रचंड भग्नावशेष विकत घेऊन जोडला. आज ती दोन्ही ठिकाणं मिळून युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ आहेत.

पण विल्यमचं स्वतःचं मन दिसतं ते हॅकफॉलमध्ये. वडिलांनी पाण्याला कंपास लावला. मुलाने घळ, कडा, ओढा जसा होता तसा मान्य केला आणि त्याला फक्त इथेतिथे हात लावला. एकाच घरातल्या या दोन पिढ्यांच्या बागा सात-आठ मैलांच्या अंतरावर आहेत. शक्य असेल तर एकाच दिवशी दोन्ही पाहा, आधी स्टडली आणि मग हॅकफॉल. इंग्लंडची बागेकडे बघण्याची नजर त्या अर्ध्या शतकात कशी बदलली, ते कुठलंही पुस्तक न वाचता कळतं.

'पिक्चरेस्क' हा शब्द सारखा ऐकू येतो. त्याचा अर्थ काय?

सरळ अर्थ: चित्रात शोभेल असं. विल्यम गिल्पिन नावाचे एक शिक्षक आणि धर्मगुरू होते. चित्रात छान दिसेल अशा प्रकारचं सौंदर्य, अशी या शब्दाची व्याख्या त्यांनी १७६८ मध्ये मांडली आणि मग देशभर फिरून कुठला डोंगर, कुठली नदी त्या कसोटीला उतरते हे लिहीत गेले. गुळगुळीत आणि नेटकं ते सुंदर असेल, पण चित्राला खडबडीतपणा लागतो. तुटका कडा, वाकलेलं झाड, अर्धी पडलेली भिंत, मध्येच उजेड, मध्येच काळोख. त्या काळच्या श्रीमंत घरांच्या भिंतींवर क्लॉद लोरें आणि साल्वातोर रोझा यांची सतराव्या शतकातली निसर्गचित्रं टांगलेली असत. तीच नजर घेऊन लोक घराबाहेर पडले.

काही जण तर खिशात गडद काचेचा, किंचित फुगीर असा छोटा आरसा ठेवत. दृश्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आरशात पाहायचं, म्हणजे अख्खी दरी चौकटीत बसते आणि रंग जुन्या तैलचित्रासारखे दिसतात. या आरशाला क्लॉदचंच नाव होतं.

वाटेत काय काय लागतं?

सगळं सांगत बसले तर जाण्यातली मजा जाईल. माझ्या आवडीचं तेवढं सांगते.

नदीजवळ झाडीत फिशर्स हॉल आहे. नाव हॉल असलं तरी ती जेमतेम एका खोलीएवढी, अष्टकोनी, टोकदार कमानींच्या खिडक्यांची वास्तू. भिंतींचा दगड जवळून बघा. भाजलेल्या पावासारखा भोकाभोकांचा. चुन्याचा अंश असलेलं पाणी वर्षानुवर्षं झिरपून साका धरतं, त्यातून असा दगड तयार होतो. दारावर 'डब्ल्यू ए' ही विल्यमची आद्याक्षरं आणि १७५० हे साल कोरलं आहे. नाव मात्र त्याने स्वतःचं दिलं नाही. स्टडलीचा मुख्य माळी विल्यम फिशर, त्याचं दिलं. मालकाने बागेतल्या वास्तूला माळ्याचं नाव द्यावं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. छप्पर आता नाही. आत उभं राहिलं की वर झाडांची पानं आणि आभाळ.

तळ्याच्या काठी रस्टिक टेंपल आहे, म्हणजे न घडवलेल्या ओबडधोबड मोठ्या दगडांचं मंदिर. मंदिर म्हटल्यावर मावशीने सवयीने चपला काढायला घेतल्या होत्या. आत देव वगैरे नाही, बसून समोरचं तळं बघण्यासाठीच ते बांधलं. तळ्याच्या मधोमध एक छोटं बेट आणि त्यात कारंजं.

फॉर्टी फूट फॉल, म्हणजे चाळीस फुटी धबधबा, वर सांगितलेल्या गुहेसमोरचा. ॲलम स्प्रिंग नावाचा झरा. उंचावर मोब्रे कॅसल हा बुरूज. आणि कड्याच्या अगदी टोकावर मोब्रे पॉइंटची 'रुइन', म्हणजे पडकी वास्तू, जिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

हे पडके किल्ले खरोखर जुने आहेत का?

नाहीत. ते पडकेच बांधले.

आपल्याकडच्या माणसाला हे पचायला जड जातं. रायगड, राजगड पाहिलेल्या बाबांनी मोब्रे कॅसलला हात लावून विचारलं, "ही लढाई कुणी जिंकली?" इथे लढाई झालीच नाही. मोब्रे हे मध्ययुगात या मुलखावर सत्ता गाजवणाऱ्या सरदार घराण्याचं नाव. त्या नावाचा एक भग्न बुरूज विल्यमने अठराव्या शतकात उभा केला. इंग्रजीत अशा वास्तूला 'फॉली' म्हणतात. खालच्या वाटेवरून मान वर करून पाहणाऱ्याला झाडांच्या शेंड्यांवर एक जुना बुरूज दिसावा आणि काळ किती लोटला याची जाणीव व्हावी, एवढंच त्याचं काम. खोटं म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. रंगमंचावरचा वाडाही खरा नसतो, पण नाटक बघताना डोळ्यांत पाणी खरं येतं.

आता तर या फॉलींनाही पावणेतीनशे वर्षं होत आली. मुद्दाम पाडलेल्या भिंती मधल्या काळात खरोखरच पडल्या. आज जे डागडुजी करतात त्यांना मूळची पडझड आणि नंतरची पडझड यांतला फरक ओळखून काम करावं लागतं.

कारंजं विजेवर चालतं का?

नाही. अठराव्या शतकात वीज कुठली! वर, उतारावर पाणी साठवायचं आणि नळीने खाली आणायचं, बस. पाण्याची पातळी दहा मीटर उंच असली की खालच्या तोंडाशी साधारण एका वातावरणाएवढा दाब मिळतो. घर्षणात थोडा जातो, उरलेल्या दाबावर धार उसळते. औरंगाबादची पाणचक्की किंवा बिबी का मकबऱ्याची कारंजी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे तंत्र नवं नाही. इथलं कारंजं कित्येक दशकं बंद होतं. दुरुस्तीनंतर ते पुन्हा त्याच जुन्या पद्धतीने, उंचीच्या जोरावर उडू लागलं.

त्या काळी इथे कोण यायचं? ही खासगी बाग होती ना?

होती, पण पाहुण्यांना मज्जाव नव्हता. उलट पाहुण्यांसाठीच ती रचलेली. त्या काळात इंग्लंडमधला सुखवस्तू वर्ग देशातल्या देशात प्रवास करू लागला होता. घोडागाडीने यायचं, माळी वाट दाखवणार, ठरलेल्या जागी थांबायचं, बघायचं आणि मुक्कामी जाऊन रोजनिशीत लिहायचं.

शेतीवर लिहिणारे आर्थर यंग १७६८ च्या सुमाराच्या उत्तरेकडच्या दौऱ्यात इथे आले. जमिनीचा कस आणि पिकांचे भाव टिपणारा माणूस, पण हॅकफॉलच्या वाटा-वळणांवर त्यांनी पानंच्या पानं लिहिली. वेल्समधले निसर्ग-अभ्यासक टॉमस पेनंट यांनीही या बागेबद्दल लिहून ठेवलं आहे.

गिल्पिन १७७२ मध्ये आले. त्यांचा अनुभव मला सगळ्यांत आवडतो. अरुंद, बंदिस्त रस्त्याने त्यांना मोब्रे पॉइंटच्या इमारतीपाशी आणलं. पुढे काय आहे याचा पत्ता नाही. आत गेल्यावर घडीची दारं एकदम उघडली गेली आणि पायाखाली घळ, तळाशी नदी आणि पलीकडे क्षितिजापर्यंत पसरलेलं यॉर्कचं मैदान. दार उघडण्याची ती घटकाही बागेचाच भाग होती. आजही त्या इमारतीला वळसा घालून कड्याकडच्या बाजूला आलात की पोटात तसाच गोळा येतो. मी पाहुण्यांना आधी काहीच सांगत नाही. फक्त म्हणते, "या इकडून."

वर्ड्स्वर्थ या कवीने सरोवरांच्या प्रदेशात जाणाऱ्या प्रवाशांसाठी जी मार्गदर्शिका लिहिली, तिच्यात यॉर्कशरहून येणाऱ्यांना स्टडली, फाउंटन्स ॲबी, हॅकफॉल, मॅसम असा रस्ता सुचवला आहे.

टर्नरने इथलं चित्र काढलं, हे खरं का?

खरं. १८१६ च्या उन्हाळ्यात इंग्लिश निसर्गचित्रकार टर्नर स्केचवही घेऊन यॉर्कशरभर फिरत होता. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्या राखेने १८१६ चा उन्हाळा युरोपात थंड, ओला आणि काळवंडलेला गेला. अशा चिखलात तो हिंडला. हॅकफॉलचं त्याचं जलरंगातलं चित्र लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. तिथे प्रवेश विनामूल्य आहे, पण जलरंग उजेडाने विटतात, त्यामुळे ते नेहमी भिंतीवर असेल असं धरून चालू नका.

तेव्हा ही बाग विल्यमची नात एलिझाबेथ सोफिया लॉरेन्स हिच्या मालकीची होती. विल्यमनंतर आधी त्याची मुलगी आणि मग ही नात, अशी १७८१ पासून १८४५ पर्यंत सलग चौसष्ट वर्षं हॅकफॉल बायकांच्या हातात होतं. वर्ड्स्वर्थ, टर्नर यांची नावं सगळे घेतात. ज्यांच्या राजवटीत ते आले, त्या दोघींची घेत नाहीत.

बेडूक असलेल्या ताटांचा या बागेशी काय संबंध?

रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिने जोसाया वेजवुड या इंग्लिश कारखानदाराकडे ५० माणसांचा भोजनसंच मागवला. सेंट पीटर्सबर्गजवळच्या तिच्या महालाची जागा बेडकांच्या दलदलीसाठी ओळखली जायची, म्हणून प्रत्येक भांड्यावर एक हिरवा बेडूक. उरलेल्या जागेवर ब्रिटनमधली खरी ठिकाणं रंगवायची, अशी अट. १७७४ पर्यंत ९५२ भांडी आणि त्यांवर १,२२२ दृश्यं तयार झाली. रशियाला पाठवण्याआधी ती लंडनमध्ये लोकांना पाहायला मांडली होती. त्यांत हॅकफॉलची दृश्यंही आहेत. बागेचं काम पुरं होऊन जेमतेम काही वर्षं झाली होती, आणि यॉर्कशरच्या एका घळीचं चित्र रशियाच्या महालात जेवणाच्या ताटावर पोचलं. हा संच आज सेंट पीटर्सबर्गच्या एर्मिताज संग्रहालयात आहे.

रिपन म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला लॉर्ड रिपन?

हो, तोच! बाबा निवृत्त शिक्षक आहेत. रस्त्यावरची 'रिपन'ची पाटी बघून त्यांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली होती.

१८४५ नंतर बाग अर्ल डी ग्रे यांच्याकडे गेली आणि १८५९ मध्ये त्यांचा पुतण्या जॉर्ज रॉबिन्सन याच्याकडे. हाच पुढे रिपनचा पहिला मार्क्विस झाला आणि १८८० ते १८८४ भारताचा व्हाइसरॉय. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा १८८२ मध्ये त्याने रद्द केला, तेव्हा 'केसरी'ला जेमतेम एक वर्ष झालं होतं. स्थानिक स्वराज्याचा ठराव त्याच वर्षीचा. त्याच वर्षी त्याच्या सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची कैफियत मांडली. नगरपालिकेच्या निवडणुकीत आपण मत देतो त्या व्यवस्थेचा धागा ज्याच्याकडे जातो, तो माणूस या घळीचा आणि या फॉलींचा धनी होता. त्याच्या काळात मोब्रे पॉइंटवर सामान्य सहलकऱ्यांसाठी चहापाण्याची सोय असे. १९०९ मध्ये तो स्टडलीलाच वारला.

मग इतकी गाजलेली जागा विसरली कशी गेली?

रिपनचा मुलगा १९२३ मध्ये निपुत्रिक वारला आणि इस्टेट फुटत गेली. १९३० च्या दशकात हॅकफॉल एका लाकूड व्यापाऱ्याला विकलं गेलं. त्याने विकण्याजोगी झाडं सरसकट तोडली. ज्या झाडांच्या आडून दृश्यं उघडत होती, मिटत होती, ती झाडंच गेली. उघड्या पडलेल्या वास्तूंची छपरं कोसळली, तळं गाळाने भरलं, वाटा काट्याकुट्यांत बुडाल्या.

आज तुम्ही ज्या झाडांखालून चालता ती बहुतेक त्यानंतरची, आपली आपण उगवून आलेली आहेत. झाडं तोडली तरी जमिनीतले कंद राहिले होते. रानलसूण आणि ब्लूबेलची निळी रानफुलं दर वसंतात येतच राहिली.

ती पुन्हा उभी कुणी केली?

सुरुवात आसपासच्या लोकांनी केली. १९८० च्या दशकात त्यांनी बाग वाचवण्यासाठी एक विश्वस्त संस्था काढली. १९८९ मध्ये वुडलँड ट्रस्ट या जंगलं राखणाऱ्या संस्थेने हॅकफॉल ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलं. हा आकडा वाचून पाहुणे हसतात. मला त्यात फार दिलासा वाटतो. पुढे लँडमार्क ट्रस्ट या जुन्या वास्तू राखणाऱ्या संस्थेने मोब्रे पॉइंटची रुइन सावरली आणि लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या वारसा निधीच्या मदतीने वाटा, धबधबे, तळं, कारंजं आणि फॉली यांची कामं झाली.

आता, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी कुठून काय दिसत होतं, हे कसं कळणार? इथे पाहुणे उपयोगी पडतात. यंग आणि गिल्पिनची वर्णनं, टर्नरचं चित्र, बेडकांच्या भांड्यांवरची दृश्यं, नंतरची पोस्टकार्डं. बघून गेलेल्यांनी जे लिहिलं, जे रेखाटलं, त्याच्यात हरवलेली बाग शिल्लक होती. म्हणून मी माझ्याबरोबर आलेल्या मुलांच्या हातात वही-पेन्सिल देते आणि एका जागी बसवते. भाच्याने काढलेला फिशर्स हॉल माझ्या फ्रिजवर आहे. त्यात खिडक्यांची संख्या बरोबर आहे.

ही आपल्या देवराईसारखीच नाही का?

पहिल्या नजरेत तसंच वाटतं. थंडावा, काळोख, पाण्याचा आवाज. पण देवराईत माणसाने हात लावायचा नाही, काठीसुद्धा उचलायची नाही, कारण ते रान देवाचं. हॅकफॉलमध्ये प्रत्येक गोष्ट हात लावूनच झाली, कारण ते रान बघणाऱ्याच्या डोळ्यासाठी. माझ्या मते जास्त जवळचं नातं महाबळेश्वर-माथेरानशी आहे. केट्स पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट. कड्यावर एक जागा नेमायची, तिला नाव द्यायचं आणि तिथे उभं राहून दरी बघायची, ही रीत साहेबाने बरोबर आणली. मोब्रे पॉइंटच्या कठड्याशी उभं राहिलं की ती कुठल्या मातीतून आली ते समजतं.

तिथे राहता येतं का?

रुइनमध्ये येतं, लँडमार्क ट्रस्टकडे बुकिंग करून. दोघांची सोय आहे. रस्त्याकडून ती लहानशी, टोकदार कमानींची इमारत दिसते आणि दरीकडून मात्र भग्न रोमन वास्तूसारखी भव्य. आत तीन खोल्या आहेत आणि त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. बैठकीच्या खोलीतून झोपायच्या खोलीत किंवा न्हाणीघरात जायचं तर बाहेरच्या गच्चीवर यावं लागतं. रात्री पाऊस असेल तर छत्री घेऊन. मूळ रचना मोडायची नाही म्हणून ते तसंच ठेवलं, आणि योग्य केलं.

तिकीट, वेळ, पोचायचं कसं?

तिकीट नाही. वर्षभर उघडं. रिपनचं रेल्वे स्टेशन १९६७ मध्येच बंद झालं, त्यामुळे हॅरोगेट किंवा थर्स्कपर्यंत गाडीने या आणि पुढे मोटार करा. ग्रूएलथॉर्पहून मॅसमकडे जाणाऱ्या रस्त्यावर छोटा वाहनतळ आहे. आत दुकान नाही, स्वच्छतागृह नाही. पाणी आणि डबा बरोबर ठेवा.

वयस्कर माणसांना झेपेल का?

उतार तीव्र आहे, पायऱ्या आहेत, चिखल तर जवळजवळ बारमाही. गुडघे दुखत असतील तर नदीपर्यंत उतरण्याचा हट्ट धरू नका. वरच्या वाटेनेच जाऊन या. सासूबाईंना आम्ही तसंच नेलं आणि त्यांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही. बूट मात्र पकड असलेलेच हवेत. साडी असेल तर जरा वर खोचून.

कुठल्या महिन्यात जावं?

एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत ब्लूबेल आणि रानलसूण. ऑक्टोबरच्या शेवटी बीचची पानं तांबूस होतात. जानेवारीत पानं नसल्यामुळे फॉली लांबूनच दिसतात, विल्यमने योजलेलं लपंडावाचं गणित तेव्हा बिघडतं, पण घळीचा सगळा सांगाडा समजतो. मी पहिल्यांदा येणाऱ्याला मे सांगते.

एकच जागा बघायला वेळ असेल तर?

धबधब्यासमोरची गुहा. दगडी बैठक थंड आणि ओलसर असते, खाली घालायला काहीतरी असू द्या. दोघे दाटीवाटीने बसू शकतात. बसल्यावर मान वळवायची गरज पडत नाही.